खातेफोड

वऱ्हाडातल्या कोणत्याही तहसील कचेरीच्या ओसरीवर ज्याने एखादी उन्हाळी दुपार घालवली आहे, त्याला 'खातेफोड' हा शब्द समजावून सांगण्याचे कारण पडत नाही. बाप आणि त्याचे चार मुलगे यांच्या सामाईक नावावर चालत आलेले वावर पुढेमागे विभागले जाते, आणि त्या विभागणीची तजवीज महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ मध्ये करून ठेवलेली आहे. पण अर्ज दिला आणि वाटणी झाली असे मात्र होत नाही. फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, तलाठी नोंद घेतो, हितसंबंधितांना पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस निघते, कोणाची हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदीत चढते, सुनावणी होते, आणि या सगळ्यातून जे तरते तेच मंडळ अधिकाऱ्याच्या सहीने प्रमाणित होते. कालपर्यंत जो 'इतर खातेदार' होता तो आज स्वतःच्या सातबाऱ्याचा धनी झालेला असतो. मात्र त्या पंधरा दिवसांत धाकट्या भावाच्या मुद्रेवर जी धाकधूक दिसते, ती पाहण्यासारखी असते.

या प्रकरणाचा विषय रॅप हा आहे, आणि त्यातही एखाद्या रॅपगायकाने स्वतःच्या एकट्याच्या नावावर काढलेला पहिला अल्बम व त्याचे लोकांनी केलेले स्वागत, हा आहे. महसुली दप्तराची वाट धरून मी तेथे जात आहे याचे कारण असे की, या कलेचा जन्म सामाईक वहिवाटीत झालेला आहे, आणि एकट्याचा पहिला अल्बम ही त्या वहिवाटीतली खातेफोडच असते, हरकतींसह.

रॅप ज्यातून निघाला त्या हिपहॉपच्या जन्माची मिती ११ ऑगस्ट १९७३ अशी सांगतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील सेज्विक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, जमैकाहून आलेल्या कूल हर्क या तरुणाने बहिणीच्या कार्यक्रमासाठी तबकड्या वाजवल्या, आणि गाण्यातला जो तुकडा ऐकून नाचणारे चेकाळतात तेवढाच तुकडा दोन तबकड्यांवरून आलटून पालटून लांबवीत नेला. एकाने तबकडी फिरवायची, दुसऱ्याने ध्वनिक्षेपक हातात घेऊन शब्द टाकायचे, बाकीच्यांनी नाचायचे, उरलेल्यांनी भिंती रंगवायच्या, असा तो कारभार होता. पुढे शब्द टाकणाराच कर्ता पुरुष झाला, तरी मंडळी मात्र सुटली नाही. चार ठोक्यांचा एक 'बार' आणि सोळा बारांचे एक कडवे, हे या कलेचे माप. मिनिटाला नव्वद ठोक्यांची गती धरली तर त्या कडव्याला पुरती त्रेचाळीस सेकंदेही मिळत नाहीत. मंडळीत चारजण असले की प्रत्येकाच्या वाट्याला तेवढेच शेत. एवढ्या तुकड्यावर माणूस चमकू शकतो. चाळीस-पन्नास मिनिटे एकट्याने उभे राहण्याचा कस निराळा.

न्यूयॉर्कच्याच 'वू-टँग क्लॅन' या नऊ जणांच्या मंडळीने तर एकत्र असतानाच वाटणीची कलमे घालून ठेवली होती. मंडळीचा करार एका कंपनीशी, परंतु प्रत्येक सभासदाला स्वतंत्रपणे अन्य कंपनीशी करार करण्याची मुभा, अशी ती व्यवस्था. आणि १९९४ च्या नोव्हेंबरात त्यांच्यापैकी मेथड मॅन हा पहिला गृहस्थ स्वतःचा अल्बम घेऊन विभक्त झाला. आपल्याकडच्या कित्येक देशमुखी वाड्यांना हे शहाणपण सुचले असते तर वकिलांच्या किती पिढ्या उपाशी राहिल्या असत्या, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पण या इतिहासातली सर्वांत मोठी खातेफोड एका स्त्रीची आहे. लॉरिन हिल ही 'फ्यूजीज' या तिघांच्या मंडळीतली. त्यांचा 'द स्कोर' हा अल्बम १९९६ साली अफाट गाजला. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९९८ मध्ये, तिने आपला एकटीचा पहिला अल्बम काढला, 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल'. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९३३ साली लिहिलेल्या, आपल्या समाजाला मिळालेल्या विपरीत शिक्षणावरच्या ग्रंथाच्या नावाची छाया त्या नावावर होती. पहिल्या आठवड्यातच चार लाखांवर प्रती खपल्या, १९९९ च्या फेब्रुवारीत एकाच रात्री पाच ग्रॅमी पारितोषिके तिच्या पदरात पडली, आणि वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान हिपहॉपच्या वाट्याला प्रथमच आला. एवढे झाले, आणि मग हरकत आली. या गाण्यांच्या रचनेत आमचाही हिस्सा आहे, तो नोंदला गेलेला नाही, अशी फिर्याद तिच्याबरोबर काम केलेल्या चार वादक-रचनाकारांनी १९९८ मध्येच दाखल केली, आणि २००१ साली ती न्यायालयाबाहेर मिटली. त्या स्त्रीने आजतागायत दुसरा स्टुडिओ अल्बम काढलेला नाही. एवढ्या मोठ्या स्वागताचे ओझे आणि एवढ्या मोठ्या हरकतीचा सल, यांपैकी कशाने तिचा हात थांबला, हे सांगणारा मी कोण! खातेफोड झाल्यावर वर्षानुवर्षे पडीक राहिलेली वावरे मात्र मी पुष्कळ पाहिलेली आहेत.

उलट प्रकार नॅस या रॅपगायकाचा. विसाव्या वर्षी, एप्रिल १९९४ मध्ये, त्याने 'इलमॅटिक' काढला. जाणत्यांच्या 'द सोर्स' या मासिकाने त्याला पाचपैकी पाच गुण दिले, परंतु बाजार थंडच राहिला, आणि दहा लक्ष प्रतींची मोहोर उमटायला २००१ साल उजाडावे लागले. स्वागताची नोंद घेणारा तलाठी एकच नसतो, आणि सर्वांच्या घड्याळात एकच वेळ असते असेही नाही.

ही गोष्ट अमरावतीकराला परदेशातून शिकण्याची गरज नाही. १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांचा 'रूपगंधा' हा पहिला संग्रह १९६१ साली निघाला, आणि 'रंग माझा वेगळा' हा दुसरा निघेपर्यंत १९७४ साल आले. मधली तेरा वर्षे ही काही लोकप्रियतेच्या लाटेवर तरंगणाऱ्या कवीची वर्षे नव्हेत. त्या काळात मुंबईच्या फोर्ट भागात रस्त्यावरच्या रद्दीत हृदयनाथ मंगेशकरांच्या हाती त्यांच्या कविता लागल्या आणि त्यांतून पुढची गाणी जन्माला आली, ही आठवण महाराष्ट्रात पुष्कळ वेळा सांगितली गेली आहे. समीक्षकांच्या दप्तरात ज्याची नोंद यथातथाच झाली, त्याची खरी रुजुवात रद्दीच्या गठ्ठ्यात व्हावी, यात मला विधीचा मिस्किलपणा दिसतो. गझल हा उर्दू मुशायऱ्यातला सामाईक वारसा. इमादशाहीच्या अचलपूरपासून मोगलांच्या बाळापूरपर्यंत वऱ्हाडात तो शतके नांदत होता. भटांनी त्यातला आपला हिस्सा मराठीच्या नावावर करून घेतला, आणि त्या दस्तऐवजाला 'एल्गार' असे फौजी बाण्याचे फारसी वळणाचे नाव १९८३ साली दिले.

आता आपल्या काळाकडे वळू. मराठी मुलुखातील रॅपची पहिली मोठी गजबज मुंबईत झाली. अंधेरीच्या जे. बी. नगरातला डिव्हाईन हा 'मुंबईज फाइनेस्ट' या मंडळीतून पुढे आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये झोया अख्तर यांच्या 'गली बॉय' चित्रपटाने त्याच्या आणि कुर्ल्याच्या नेझीच्या आयुष्यातून प्रेरणा घेतली, आणि त्याच वर्षी डिव्हाईनचा 'कोहिनूर' हा पहिला अल्बम निघाला. तो चांगला होता, स्वागतही चांगलेच झाले. पण चित्रपटाने आधीच गालिचा अंथरून ठेवलेल्या दारातून तो आत आला, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

खरे नाट्य पुण्याच्या 'तडीपार'चे. पुणे स्थानकाजवळच्या ताडीवाला रोड वस्तीत वाढलेल्या, १९९९ साली जन्मलेल्या अल्ताफ नावाच्या मुलाने एमिनेम या रॅपगायकाच्या एका प्रसिद्ध गाण्यावरून 'एमसी स्टॅन' हे नाव घेतले. २०१९ मध्ये एमिवे बंटाय या मुंबईच्या नामांकित रॅपगायकाला उद्देशून डिवचणारे गाणे सोडले, म्हणजे आपल्या कलगी-तुऱ्याच्या भाषेत सवाल टाकला. आणि २०२० साली, विसाव्या-एकविसाव्या वर्षी, आपला पहिला अल्बम काढून त्याला 'तडीपार' हे नाव ठेवले.

या नावापाशी मला थोडे थांबायचे आहे. 'तड' म्हणजे काठ, तीर. हाती घेतलेले काम आपण 'तडीस नेतो', आणि त्याबद्दल चारचौघांत आपला गौरव होतो. परंतु सरकारने मनुष्याला त्याच तडीच्या पार नेले की त्याची बेअब्रू होते. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (आता त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात) याच्या ५५, ५६ आणि ५७ या कलमांखाली हा अधिकार चालतो: अमरावती शहरात पोलीस उपायुक्त आणि अकोल्यासारख्या ठिकाणी उपविभागीय दंडाधिकारी हे एखाद्या इसमाला जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, फार तर दोन वर्षे, जाण्यास फर्मावू शकतात, अर्थात त्याची कैफियत ऐकून घेतल्यानंतर. अल्बम या शब्दाची कुळकथाही अशीच सरकारी आहे. प्राचीन रोममध्ये 'अल्बम' म्हणजे चुन्याने पांढरा केलेला फळा. न्यायाधिकाऱ्याचे जाहीरनामे त्यावर लिहून चौकात उभे करीत. ज्या वस्तीतल्या पोरांची नावे फक्त पोलीस ठाण्याच्या फळ्यावर झळकतात, त्या वस्तीतल्या एका पोराने तोच फळा उचलून आपल्या दारात उभा केला आणि हुकूमनाम्यातलाच शब्द त्यावर आपल्या हाताने लिहिला. स्टॅनच्या मनात रोम नसणार, हे उघड आहे. पण शब्दांना आपले गोत्र ठाऊक असते.

त्याच्या भाषेचे काय करायचे, हा प्रश्न सभ्य घरांत आजही सुटलेला नाही. ती पुण्याची आहे, पण सदाशिव पेठेची नाही. हिंदी आहे, पण दिल्लीची नाही. तिच्यात दख्खनीची लकब आहे, मराठीचे शब्द आहेत ('नुस्ता पैसा' हे त्याच्या एका गाण्याचे नावच पाहा), आणि शिव्या तर रास लावून आहेत. स्त्रियांविषयीचे उल्लेख काही ठिकाणी हीन आहेत, आणि 'वस्तीचे वास्तव' एवढ्या सबबीवर ते माफ करण्याची माझी तयारी नाही. वस्तीतल्या बायकाही वास्तवच असतात. आवाजाला यंत्राने दिलेली ती थरथर, जिला हे लोक 'ऑटोट्यून' म्हणतात, तीही पुष्कळांच्या कानाला रुचली नाही. तरीसुद्धा एका गोष्टीचा दाखला दिलाच पाहिजे: हा मुलगा उसन्या दुःखावर गात नव्हता. डोक्यावर कर्ज असलेली आई, दारातली पोलीसगाडी, पैशाची हाव आणि त्या हावेची लाज, यांच्यातले अंतर त्याला बिनचूक ठाऊक होते.

स्वागत कसे झाले? वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांनी विशेष दखल घेतली नाही. टाळेबंदीच्या त्या वर्षी, घरात कोंडलेल्या मुलांच्या भ्रमणध्वनींतून, कानात खुपसलेल्या तारांतून, मोठ्यांना पत्ता न लागता, तो अल्बम राज्यभर पसरला. २०२२ साली 'इन्सान' हा दुसरा आला. आणि मग एक विचित्र घटना घडली, जिने अमरावतीला या खटल्यात पक्षकार करून टाकले.

'बिग बॉस' या दूरचित्रवाणीवरच्या खेळाच्या सोळाव्या हिंदी पर्वात स्टॅन गेला, आणि तेथे त्याला भेटला शिव ठाकरे, आमच्या अमरावतीचा, २०१९ साली मराठी 'बिग बॉस' जिंकून आलेला. या दोघांचा आणि आणखी काहींचा जो गट जमला त्याला नाव पडले 'मंडळी'. हिंदीच्या पडद्यावर सबंध देश तीन-चार महिने हा मराठी शब्द उच्चारीत होता. पंगतीत, कीर्तनात, लग्नपत्रिकेत आपण जो वापरतो तोच. १२ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री शेवटी दोघेच उरले: शिव आणि स्टॅन. मंडळीचीच खातेफोड! अमरावतीच्या ज्या घरांनी आपल्या गावचा म्हणून शिवला मते दिली होती, त्या घरांतल्या आजीबाईंनाही आता तो साखळ्या घातलेला, तुटक बोलणारा दुसरा मुलगा तोंडपाठ झाला होता. मुकुट स्टॅनला मिळाला. त्यानंतर हळहळतच का होईना, लोकांनी तीन वर्षांपूर्वीचा 'तडीपार' उघडून पाहिला. पहिल्या अल्बमचे सार्वत्रिक स्वागत त्याच्या जन्मानंतर तीन वर्षांनी, आणि तेही एका खेळाच्या आडवाटेने झाले. फोर्टमधल्या रद्दीची आठवण मला झाली ती त्यामुळे.

त्याच वर्षी अमरावतीचा आणखी एक आवाज पडद्यावर आला. 'एमटीव्ही हसल' या रॅपस्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात सौरभ अभ्यंकर हा तरुण उतरला. त्याने घेतलेले नाव आकडा आणि इंग्रजी अक्षरे मिळून होते: आधी '१००', मग 'आर, बी, एच'. हे नाव मराठीत 'शंभर' म्हणून वाचू गेल्यास काहीच हाती लागत नाही. ते 'सौ' म्हणून वाचावे, म्हणजे 'सौरभ' होतो. मराठी मुलाचे नाव उघडायला हिंदीची किल्ली लागावी आणि ती इंग्रजी अक्षरांच्या कुलपात बसावी, यात वऱ्हाडचा सगळा भाषिक इतिहास सामावलेला आहे. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलेला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात, असा हा मुलूख एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात फिरत राहिला, आणि प्रत्येक दप्तराची शाई त्याच्या जिभेवर थोडी थोडी राहिली. बदनेऱ्याच्या फलाटावर दहा मिनिटे उभे राहा: एकच माणूस हमालाशी हिंदी, बायकोशी वऱ्हाडी आणि तिकीट तपासनिसाशी पुस्तकी मराठी बोलताना सापडेल.

सौरभ अभ्यंकर, किंवा त्याच गावचा विपिन तातड, यांच्या रॅपमध्ये जात येते, विषमता येते, आंबेडकरी जाणीव येते. आणि येथे परंपरेचा धागा अमेरिकेपर्यंत ताणत नेण्याचे कारण नाही. आंबेडकरी जलशांनी सवाल-जवाब आणि ढोलकी यांच्या जोरावर हेच काम केले होते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न टाकीत, आणि श्रोत्यांचे उत्तर आल्यावाचून पुढचे पाऊल टाकीत नसत. ते तर त्या कीर्तनाचे अंगच होते. मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने शब्दाला ठोका दिला. या तिघांच्या अंगणात वाढलेल्या मुलाला ठोक्यावर बोलणे शिकवायला ब्राँक्सहून कोणी यावे लागले असेल, असे मला वाटत नाही. ध्वनिक्षेपक धरण्याची ऐट मात्र तिकडचीच.

वऱ्हाडी बोलीजवळ या कामासाठी एक खास शिदोरीही आहे, तिची दखल रॅप ऐकणाऱ्यांनी अद्याप पुरती घेतलेली नाही. यमक हा रॅपचा प्राण, आणि ओळीच्या शेवटी एक यमक साधून तेथे भागत नाही. ते ओळीच्या पोटातही खेळवावे लागते. प्रमाण मराठीतला 'ळ' हा यमकाच्या बाबतीत मोठा कंजूष वर्ण आहे. 'काळ्या'ला जुळणारे शब्द शोधू गेलात तर 'जाळ्या', 'माळ्या', 'टाळ्या' अशी थोडकीच मंडळी दाराशी येते. वऱ्हाडी 'ळ'चा 'य' करते: डोळा तो 'डोया', शाळा ती 'शाया', काळी माती ती 'काई माती', आणि काळ्या मातीत ते 'काया मातीत'. एवढा एक वर्ण हलला की 'काया'च्या समोर माया, छाया, वाया, पाया, जाया असा संस्कृत-प्राकृताचा सारा बाजार उघडतो, आणि वर देहवाचक 'काया' श्लेषासाठी फुकट मिळते. अकोल्याकडच्या विठ्ठल वाघांनी आपल्या वऱ्हाडी कवितासंग्रहाला 'काया मातीत मातीत' हे नाव दिले तेव्हा हा श्लेष त्यांच्या कानावर आलाच असला पाहिजे. त्यात भर म्हणजे 'मले', 'तुले', 'त्याले' हा 'ले'कारान्त चतुर्थीचा प्रत्यय. तो प्रत्येक नामाला जडतो, म्हणजे ज्याला त्याला यमकाचे शेपूट उपजतच मिळालेले. बोलीतला पहिला अल्बम जो कोणी काढील, त्याच्या हिश्श्याला ही ओलिताची जमीन येणार आहे.

गेल्या पावसाळ्यात अकोल्याला एका स्नेह्यांकडे मुक्कामास असताना त्यांच्या नवव्या इयत्तेतल्या नातवाने मला आपली रफ वही दाखवली. गणिताच्या पानांमागे सोळा ओळी होत्या, चार-चारांच्या गठ्ठ्यांत, आणि प्रत्येक ओळीखाली ठोक्यांच्या खुणा पेन्सिलीने केलेल्या. कापसाच्या भावावर होत्या. वही शाळेत कोणाच्या तरी हाती लागली असावी, कारण पाचव्या ओळीतल्या 'काया'वर लाल शाईने काट मारून वर शुद्ध 'काळ्या' लिहिले होते.

"मंग जमते का आता थे?" मी त्याच्याच बोलीत विचारले.

"नाई जमत ना आजोबा," तो म्हणाला. "खालच्या ओयीत माया हाय."

आणि खोडरबराने लाल शाई जात नाही हे ठाऊक असूनही त्याने आधी ती घासून पाहिली. मग कागद फाटायच्या बेतात आला तेव्हा थांबून, त्या 'काळ्या'च्या डोक्यावर, ओळ जराशी वाकडी करून, पुन्हा 'काया' लिहिले.